हिरवळीचं माहेर

आंबेगड जिमखान्याच्या टेनिस स्पर्धेत महिला एकेरीचं अजिंक्यपद गेली अकरा वर्षं कोर्टावरच्या हिरवळीकडे होतं. याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. चित्कला रांगणेकरचीही नव्हती, आणि असायची तर तिचीच असायला हवी होती, कारण त्यातल्या सहा फायनल हिरवळीनं तिलाच हरवून जिंकल्या होत्या.

स्पर्धा काही लहानसहान नव्हे हं. गवतावरची एवढी मोठी स्पर्धा अख्ख्या दख्खनेत दुसरी नाही. बंगळूरच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मुली पाठीला रॅकेट लावून आंबेगडच्या स्टँडवर उतरायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "यंदा ती कशी आहे?" रिक्षावाले सांगायचे, "बरी आहे. पावसाळ्यानंतर जरा अंग धरलंय."

हिरवळ चॅम्पियन झाली ती अगदी नियमानं. अकरा वर्षांपूर्वी फायनलला एका बाजूला चित्कला होती, दुसऱ्या बाजूला धारवाडची प्रमिला हेगडे. तिसरा सेट, चित्कलाला मॅच पॉइंट. कोर्टावर दव होतं. चित्कलानं चेंडू मारला, प्रमिला धावली आणि दोघी एकाच क्षणी घसरल्या. हिचा गुडघा गेला, तिचं मनगट. दोघींना उचलून बाहेर नेलं. चेंडू कुठं पडला ते कुणीच पाहिलं नव्हतं, आणि पुष्कळ शोधूनही तो सापडला नाही.

आता स्पर्धेच्या नियमांत असं होतं की सामना पुरा होण्याआधी कोर्ट सोडून जाईल ती हरली आणि कोर्टावर राहील ती जिंकली. पंचांच्या खुर्चीत दादासाहेब रेठरेकर होते. दादासाहेब निवृत्त मामलेदार, जिमखान्याचे सेक्रेटरी, आणि नियमाला असे चिकटलेले की स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळला म्हणून भटजींना त्यांनी लेखी खुलासा मागितला होता. त्यांनी खुर्चीवरून वाकून पाहिलं. कोर्टावर फक्त हिरवळ होती.

हरकती आल्या, नाही असं नाही. एकानं विचारलं, हिच्या राहत्या पत्त्याचा पुरावा काय? दादासाहेब म्हणाले, आपण सगळे येण्याआधीपासून ती इथं आहे. दुसऱ्यानं विचारलं, पोशाख पांढरा हवा, ही तर हिरवी. दादासाहेब म्हणाले, अंगावर चुन्याचे पट्टे आहेत ते कोणत्या रंगाचे? तिसऱ्याला काही सुचलं नाही. हरकतींची मुदत संपली आणि क्लबहाऊसमधल्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत 'हिरवळ' असं नाव चढलं. पुढच्या वर्षापासून पेंटर त्याखाली नुसतं 'सदर' लिहू लागला.

चॅम्पियन खेळाडूनं पहिल्या फेरीपासून खेळायचं नाही, तिनं फक्त फायनलला उतरायचं, ही आंबेगडची जुनी रीत. त्यामुळं बाकीच्या मुली आठवडाभर हिरवळीच्या अंगावर एकमेकींशी झुंजायच्या, त्यातून एक उरायची आणि रविवारी सकाळी तिची गाठ हिरवळीशी पडायची. नेटच्या पलीकडे बेसलाइनवर चेंडू ठेवत. थोडा वेळ काही व्हायचं नाही. प्रेक्षक खोकायचे. मग तो यायचा. सर्व्हिस फार जोराची नसे, पण खाली राहायची, मेली, घोट्याच्या वर म्हणून उठायची नाही.

आणि एक सांगायलाच हवं. हिरवळ नेटच्या दोन्ही बाजूंना होती. मनात आणलं असतं तर चित्कलाच्या पायाखालीही तिला काहीही करता आलं असतं. एक गवताचं पातं आडवं धरलं असतं तरी चेंडू वाकडा उडाला असता. पण इतक्या वर्षांत तिनं एकदाही तसं केलं नाही. चित्कला म्हणायची, "हरवते, पण सरळ हरवते. माणसांत एवढं कुठं बघायला मिळतं?"

आता तुम्ही म्हणाल, सहा वेळा हरल्यावर ही बाई पुन्हापुन्हा येत तरी का होती? वय चाळिशीच्या पुढं. मिरजेच्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. घरी भला नवरा, फार न बोलणारी सासू. कपाचं वेड म्हणावं तर कप तिच्या कपाटात डझनभर होते. तिला आंबेगडचा कप नको होता. तिला आंबेगडची ओटी हवी होती.

त्याची गोष्ट अशी. पूर्वी आंबेगडला संस्थान होतं, आणि स्पर्धा सुरू केली ती तिथल्या राणीसाहेबांनी. पहिल्याच वर्षी जिंकली ती विधवा होती, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरच्यांनी दार न उघडलेली. बक्षीस द्यायच्या वेळी राणीसाहेबांनी चांदीचा कप बाजूला ठेवला, पाट मागवला, आणि शे-दोनशे लोकांच्या डोळ्यांदेखत त्या बाईची खणानारळानं ओटी भरली. भटजी उठून जायला लागले तर म्हणाल्या, "जा. जाताना दार लावू नका, पोरीला आत यायचंय." तेव्हापासून ठरलं. जी जिंकेल तिची ओटी भरायची, कुमारिका असो, सवाष्ण असो, विधवा असो. ओटी भरायची ती हरलेल्या खेळाडूनं, जिमखान्याच्या वतीनं. आणि जिची ओटी भरली तिचं जिमखाना हे कायमचं माहेर. क्लबहाऊसच्या मागं तिच्यासाठी खोली. दिवाळीला आणायला माणूस जाणार, अभ्यंगस्नान, फराळ, चार दिवस राहणं, आणि तिला 'कधी जाणार' असं कुणी विचारायचं नाही.

चित्कलाला माहेर नव्हतं. म्हणजे होतं, पण आईवडील गेल्यावर भावानं घर विकलं आणि तो कॅनडाला गेला. घराच्या जागी आता चारचाकी गाड्यांचं शोरूम आहे. एकदा दिवाळीत ती उगीचच तिथं गेली होती. आतल्या मुलानं फार अदबीनं विचारलं, "मॅडम, कोणतं मॉडेल बघायचंय?" तिनं एका गाडीत बसून घेतलं. तिच्या अंदाजानं स्वयंपाकघर बरोबर तिथंच होतं. मग उतरली आणि घरी आली. त्या दिवसापासून तिनं पहाटे सर्व्हिसचा सराव वाढवला.

यंदा ती हिरवळीसमोर सातव्यांदा फायनलला आली होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वर्ष शेवटचं.

रविवारी सकाळी ती मैदानात शिरली आणि थबकली. कुंपणाबाहेर जेसीबी उभा होता. पिवळा, धुतलेला, पुढच्या काचेला लिंबूमिरची.

"हे काय?" तिनं विचारलं.

क्लबहाऊसच्या पायरीवर यमूमावशी शेंगा सोलत बसल्या होत्या. जिमखान्याचं स्वयंपाकघर त्यांच्याकडं, माहेरवाशिणींची दिवाळीही त्यांच्याकडं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आपल्या नव्या अध्यक्षांचं खूळ. निळं कोर्ट करायचंय म्हनं, प्लास्टिकचं. दिवे लावून रात्री पन खेळायचं. गवताला पानी लई लागतंय म्हनत्यात."

"पण चॅम्पियनला असं उकरता येत नाही!"

"न्हाईच येत. दादासाब तेच म्हनले. जवर ती चॅम्पियन हाय तवर कुदळ लावायची न्हाई." मावशींनी शेंग फोडली. "म्हनून तर समदी तुज्याकडं डोळं लावून बसल्यात, चितू. आज तू जिंकलीस की लगेच आत घेनार."

तेवढ्यात अध्यक्ष शैलेंद्र बेंद्रे स्वतःच हसत आले. माणूस वाईट नव्हता. गावात त्यांनी दोन पाणपोया बांधल्या होत्या आणि स्मशानात शेड घातली होती. त्यांना फक्त कुठलीही जमीन मोकळी दिसली की तिच्यावर काहीतरी घालावंसं वाटायचं.

"ताई, आज सोडायचं नाही हं! अख्खा जिमखाना तुमच्या पाठीशी आहे. इलेक्ट्रॉलचं पाणी ठेवलंय, केळी ठेवलीत. गुडघ्याला काय लावायचं ते सांगा, आणवतो."

"आणि मी हरले तर?"

"छे छे, असं अभद्र बोलू नका," बेंद्रे म्हणाले आणि त्यांनी एकदा जेसीबीकडं पाहून घेतलं.

चित्कला बूट बांधायला खाली बसली. गवत दवानं ओलं होतं. तिनं तळहात टेकला. सहा वर्षं तिनं हिच्याशी झुंज घेतली होती. हिचं अंग न् अंग तिला पाठ होतं: नेटजवळचा मऊपणा, मधल्या रेषेवरचा किंचित उतार, आणि क्लबहाऊसच्या बाजूचा डावा कोपरा. तिथं दरवर्षी बक्षिसांचं टेबल मांडत, म्हणून तिथलं गवत विरळ होऊन पार माती उघडी पडली होती. हिरवळ त्या बाजूला खेळत असली की तिचा बॅकहँड तिथं लंगडा पडायचा. बाजू बदलली की पुन्हा ठणठणीत.

जिंकावं तर ही जाणार. हरावं तर माहेर जाणार. आणि तिसरं काही नाही.

बूट बांधून उठेपर्यंत तिचं ठरलं होतं. हरायचं.

सामना सुरू झाला. चित्कलानं पहिली सर्व्हिस नेटमध्ये घातली, दुसरीही घातली. मग सोपा चेंडू बाहेर मारला. मग आणखी एक. बेंद्रे खुर्चीत पुढं सरकले, मग मागं रेलले, मग त्यांनी एक केळं स्वतःच खाल्लं. पहिला सेट हिरवळीनं एकाच्या बदल्यात सहा गेमनी घेतला, आणि तो एकही चित्कलाला चुकून मिळाला होता.

दुसऱ्या सेटला हिरवळीची सर्व्हिस होती. चेंडू बेसलाइनवर ठेवला. प्रेक्षक खोकले. चेंडू आला नाही.

पुन्हा थोडे खोकले. चेंडू जागचा हलेना.

दादासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "हिरवळ, वेळकाढूपणाबद्दल पहिली ताकीद."

वारा होता, पण एक पातं हलत नव्हतं.

"दुसरी ताकीद. तिसऱ्या ताकिदीनंतर सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

बेंद्रेंनी केळ्याचं साल खाली ठेवलं. कुंपणाबाहेर जेसीबीवाल्यानं विडी विझवली. चित्कला तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. हिरवळ रुसली नव्हती, रागावली होती. इतक्या वर्षांत जिनं एक पातं आडवं धरलं नाही, तिच्यापुढं चित्कला आज चेंडू नेटमध्ये घालत होती. आणि असलं अजिंक्यपद घेण्यापेक्षा ती उकरली जायला तयार होती.

चित्कला नेटपाशी गेली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

"अगं बाई, तुझ्यासाठीच करतेय ना मी! ते बघ काय उभं आहे बाहेर. तुला कळतंय का?"



"रांगणेकरबाई, प्रतिस्पर्ध्याशी खासगी बोलणं टाळावं," दादासाहेब वरून म्हणाले.

"टाळते. एवढंच सांगून टाळते." तिनं नाक पुसलं. "चुकलं माझं. आता खेळते. खरंखुरं खेळते. आण."

ती मागं जाऊन उभी राहते न राहते तोच चेंडू आला. असा आला की तिला दिसलाही नाही. घोट्याजवळून सुर्रकन गेला आणि मागच्या जाळीत बसला.

"भले!" चित्कला ओरडली. आणि मग ती खेळली.

काय खेळल्या म्हणता त्या दोघी! आंबेगडची म्हातारी माणसं आजही सांगतात. चित्कला गुडघा विसरली. हिरवळ चेंडू इतका खाली ठेवायची की चित्कलाच्या रॅकेटला हिरवे डाग पडले, आणि चित्कला तो तिथून उचलून पलीकडे टाकायची. यमूमावशी शेंगांचं सूप तसंच टाकून कुंपणाला येऊन लटकल्या. जेसीबीवाला टपावर चढला. दुसरा सेट चित्कलानं जेमतेम ओढून आणला. तिसऱ्यात बरोबरी, पुन्हा बरोबरी, आणि मग मॅच पॉइंट चित्कलाला.

हिरवळ क्लबहाऊसच्या बाजूला होती. डावा कोपरा उघडा.

चित्कलानं तो पाहिला. तिथं मारू नये असं तिला फार वाटलं. पण खरंखुरं खेळते असा शब्द दिला होता, आणि समोरचीचं दुबळं अंग सोडून खेळणं म्हणजे पुन्हा तोच अपमान. तिनं तिथंच मारला. चेंडू उघड्या मातीवर पडला, जरासा उडाला आणि बसला.

"गेम, सेट आणि सामना, श्रीमती रांगणेकर," दादासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. अकरा वर्षांत फायनलनंतर त्यांनी माणसाचं नाव घेतलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. बेंद्रेंनी तर उभं राहून शिट्टी मारली. त्यांनी कुंपणाकडं हात केला तसा जेसीबी सुरू झाला.

"थांबा," दादासाहेब म्हणाले. "आधी ओटी."

मधल्या रेषेवर पाट मांडला. यमूमावशींनी चित्कलाच्या खेळाच्या कपड्यांवरूनच आपली धुवट सुती साडी गुंडाळली आणि पदर पुढं घेऊन दिला. चित्कला पाटावर बसली. आजवर ती या पाटासमोर उभी राहायची. पाटावर खण अंथरायची, नारळ ठेवायची, तांदूळ घालायची आणि मनात म्हणायची, पुढल्या वर्षी मी. सहा वेळा तिनं हिरवळीची ओटी अशी भरली होती. बाकीच्या पाच जणींनीही भरली होती. सकाळपर्यंत तांदूळ चिमण्या नेत आणि खण माळ्याची बायको नेई.

"नियमाप्रमाणं हरलेल्या खेळाडूनं विजेतीची ओटी भरावी," दादासाहेबांनी पुकारलं आणि हात बांधून उभे राहिले.

सगळे उभे राहिले. कुणी खोकलं. जेसीबी घरघरत होता.

थोड्या वेळानं पदर जड झाला. चित्कलानं खाली पाहिलं. पदरात गवताचं बी होतं, चांगलं पाच मुठी, पिवळंधमक. ओल्या मातीसकट मुळांची एक जुडी होती. आणि मधोमध नारळाच्या जागी एक टेनिसचा चेंडू होता. जुना, काळपट, वरचं कापड उसवून त्याच्या शेंड्या लोंबत होत्या. तो कुठला हे तिनं हातात घेताच ओळखलं. त्याच्यावर तिनं त्या पहिल्या फायनलला पेननं केलेली खूण अजून होती. इतकी वर्षं हिनं तो सांभाळून ठेवला होता.

चित्कला पाटावर बसून ढसाढसा रडली. यमूमावशीही रडल्या, आणि दादासाहेबांनी चष्मा पुसण्यात बराच वेळ घालवला.

"चला, मंगल कार्य पार पडलं," बेंद्रे हात चोळत म्हणाले. "ताईंना खोली दाखवा, चहा द्या. ए, घे रे मशीन आत!"

"दादासाहेब," चित्कला पाटावरून न उठता म्हणाली, "आता हे माझं माहेर ना?"

"निःसंशय."

"म्हणजे मला इथून कुणी जा म्हणणार नाही?"

"ओटी भरलेल्या लेकीला जा म्हणण्याची या जिमखान्यात तरतूदच नाही."

"मग माझ्या थोरल्या बहिणीला कसं म्हणताय?"

दादासाहेबांना कळलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चित्कलानं पाटाच्या कडेला गवतावर हात ठेवला.

"हिची ओटी कुणी भरली? सहा वेळा तर मीच भरली, तुमच्यासमोर, जिमखान्याच्या वतीनं. खण तुम्ही आणून दिलात. एकदा नारळ नासका निघाला तेव्हा दुसरा आणायला तुम्ही स्वतः सायकलवरून गेलात."

दादासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मटकन खाली बसले, आपल्याच खुर्चीच्या पायरीवर.

"अरे देवा," ते म्हणाले. "अकरा दिवाळ्या झाल्या. आपण तिला एकदाही आणायला गेलो नाही."

"ती इथंच होती की!" बेंद्रे म्हणाले.

"तेच तर म्हणतोय. इथंच होती, आणि घरातल्या लेकीला कुणी तेलाचं बोट लावलं नाही. खोली नाही, फराळ नाही." त्यांनी यमूमावशींकडं पाहिलं. यमूमावशींनी पदर तोंडाला लावला होता.

"दादासाहेब, अहो, ती गवत आहे!"

"ही हरकत आपण अकरा वर्षांपूर्वी घ्यायला हवी होती, बेंद्रे. मुदत संपली."

बेंद्रे व्यवहारी माणूस. त्यांनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. मान्य. मग तिला मागची खोली देऊ. चांगली हवेशीर आहे. आणि कोर्ट मला द्या."

"माहेरी आलेल्या लेकीनं माजघरात बसायचं का अंगणात, हे आपण सांगत नसतो," दादासाहेब म्हणाले. "ती ठरवते."

सगळ्यांनी हिरवळीकडं पाहिलं. तिचं ठरलेलं दिसत होतं.

तरीही बेंद्रेंनी कुंपणाकडं शेवटचा हात केला. पण जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं होतं. तो मशीनवरून खाली उतरून फाटकापाशी आला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "शेठ, राग मानू नका. नाला सांगा, डोंगर सांगा, आत्ता फोडून देतो. पण कुणाच्या लेकीवर माहेरात बकेट घालायला मला सांगू नका. मला तीन भैनी आहेत."

"अरे, तुझा दिवस फुकट जाईल!"

"जाऊ द्या की. मॅच बघितली ना."

आणि त्यानं मशीन वळवलं. बेंद्रे मग क्लबहाऊसच्या मागं गेले, जुन्या मोटारखान्याची पडकी जागा त्यांनी पावलांनी मोजली आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बराच खुलला होता. निळं कोर्ट आता तिथं आहे. दिवेही आहेत. मुलं रात्री खेळतात, आणि बेंद्रे कडेला खुर्ची टाकून बसतात.

त्या दिवाळीला चित्कलाला आणायला दादासाहेब स्वतः मिरजेला गेले. सासूबाईंनी दारातच विचारलं, "कोण आपण?" दादासाहेब म्हणाले, "मी मुलीकडचा." सासूबाईंनी त्यांना पाट दिला, लाडू दिला, आणि सुनेची बॅग स्वतःच्या हातानं भरून दिली.

नरकचतुर्दशीला पहाटे यमूमावशींनी चित्कलाला तेल लावलं, उटणं लावलं, आणि मग तोच तेलाचा वाडगा घेऊन त्या कोर्टावर गेल्या. नेटपाशी वाकून त्यांनी दोन बोटं तेल पात्यांना लावलं, म्हणाल्या, "आता थंडी लई पडंल, अंग फुटंल तुजं," आणि फराळाचं ताट मधल्या रेषेवर ठेवलं. चकल्या चिमण्यांनी नेल्या. ते चालतंच.

चित्कला चार दिवसांची आली होती, आठ दिवस राहिली. कुणी विचारलं नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती क्लबहाऊसच्या पायरीवर बसायची. जायच्या आदल्या दिवशी तिनं माळ्याकडून खुरपं मागून घेतलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. उघडी माती तिनं मऊ करून घेतली, ओटीतली मुळं लावली, ओटीतलं बी मुठीमुठीनं पेरलं आणि वर हलकं पाणी शिंपडलं. बक्षिसांचं टेबल यापुढं व्हरांड्यात मांडायचं, असं दादासाहेबांना सांगितलं. त्यांनी ते ठरावात घेतलं.

"आगं, खुळी का काय तू?" यमूमावशी पायरीवरून ओरडल्या. "त्योच कोपरा लंगडा व्हता तिचा. पुढल्या वर्साला कशी हरवशील?"

"बघू की," चित्कला म्हणाली.

डॉक्टरांनी शेवटचं वर्ष म्हटलं होतं, पण त्यांना कुठं ठाऊक होतं की चॅम्पियनला एकच सामना खेळायचा असतो. एका सामन्यापुरता गुडघा चालेल, असं त्यांनी कुरकुरत मान्य केलं.

पुढच्या वर्षी हिरवळीला साऱ्यांसारखं पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं. पहिली गाठ बेळगावच्या एका सोळा वर्षांच्या मुलीशी पडली. पोरगी चपळ होती, हिरवळ सवय नसल्यानं सुरुवातीला अडखळली, आणि पायरीवर बसलेली चित्कला, चॅम्पियन असून, सगळं भान सोडून ओरडत होती, "ताई, पुढं ये! नेटला ये, ताई!" दादासाहेबांनी तिला दोनदा शांत राहायला सांगितलं. हिरवळ तो सामना जिंकली, पुढचाही जिंकली, आणि रविवारी सकाळी दोघी पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या.

दादासाहेबांनी नाणं उडवलं. हिरवळीनं छापा मागितला होता, काटा पडला. चित्कलानं सर्व्हिस घेतली. हिरवळ क्लबहाऊसच्या बाजूला होती. सर्व्हिस परत आली तसा चित्कलानं तो चेंडू पूर्ण जोर लावून डाव्या कोपऱ्यात मारला, जिथं आता घोटाभर दाट गवत होतं.

चेंडू परत आला. चित्कला मोठ्यानं हसली आणि धावली.